न बोलायचं औषध

शिवनाम सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी सृष्टीला खोकला लागला आणि पाचव्या दिवशी ताप भरला. तीन वर्षांची पोर. माघातली हवाच तशी, पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही आणि दुपारी मांडवात बसलं की टाळू तापते. गावातल्या निम्म्या घरांतून लेकरं खोकत होती, त्यामुळे सुरुवातीला कुणी फार मनावर घेतलं नाही.

शिवाय घरात शांतम्मा होती. शांतम्मा म्हणजे सृष्टीची आजी. तिच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव म्हणायचं. अंगणातला अडुळसा तिनंच लावलेला. त्याची पानं तव्यावर शेकून रस काढायचा आणि मधातून चाटवायचा. ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकायची. तुळस, गवती चहा, सुंठ यांचा काढा, वर गुळाचा खडा. कपाळावर ओली घडी. हे सगळं ती नेमानं करत होती. ताप उतरायचा आणि दिवेलागणीला पुन्हा चढायचा. खोकला मात्र हटायला तयार नव्हता. कोरडा, ठसक्याचा, पोरीचं पोट आत ओढून घेणारा. खोकून खोकून तिला झोप नव्हती, आणि तिला नव्हती म्हणून घरात कुणालाच नव्हती.

सून पुनम लातूरची. नवरा दयानंद तिथंच डाळमिलमध्ये मशीनवर कामाला. त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून ती एकटीच पोरीला घेऊन सप्ताहासाठी गावी आली होती. दवाखान्यात दाखवू या, असं ती दोनदा म्हणाली. शांतम्मानं नाही म्हटलं नाही. शुक्रवारी प्रसादाचं कीर्तन होऊ दे, शनिवारी सकाळी अहमदपूरला जाऊ, एवढंच म्हणाली. पुनमनं मान हलवली. सासूच्या शब्दापुढं जायची तिची रीत नव्हती.

शांतम्माचं माहेर उदगीरच्याही पलीकडचं. तिथून येताना तिनं एक नेम आणला होता. काढा, शेक हे उघड्यावरचे उपाय, ते चारचौघांत केले तरी चालतात. पण सहाणेवर उगाळून दिलेलं औषध बोलायचं नाही. देवाचं नाव घेत उगाळायचं, पाजायचं, सहाण धुऊन पालथी घालायची, आणि लेकरू अंगणात खेळायला लागेपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बोललं की गुण जातो. तिच्या आईनं तिला हे शिकवलं आणि आईला आजीनं.

धाकटी जाऊ गुणाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा या नेमाला हसली होती. पुढं गुणाबाईचा थोरला मुलगा डांग्या खोकल्यानं निळा पडायला लागला, तेव्हा शांतम्मानं चौदा दिवस काहीबाही उगाळून दिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. पोरगं वाचलं. तेव्हापासून गुणाबाई हा नेम शांतम्मापेक्षाही कडक पाळायची. घरातल्या घरातसुद्धा, जावेजावेतसुद्धा. एकीनं काय उगाळलं ते दुसरीनं विचारायचं नाही.

आता शांतम्माच्या मनातली गोष्ट. तिला कीर्तनाचं भारी वेड. तिचा नवरा, मल्लिकार्जुनअप्पा, मृदंगावर बसायचा, आणि ती बायकांच्या बाजूला अगदी पुढं, खांबाला टेकून. अठरा वर्षांत तिनं प्रसादाचं कीर्तन चुकवलं नव्हतं. टाळ एका लयीत आले, बुवांनी हात वर केला, की तिच्या मनातलं सगळं काहूर खाली बसायचं. गुडघे दुखायचे थांबायचे, मेलेली आई जवळ येऊन बसल्यासारखी वाटायची. यंदा शेवटच्या कीर्तनाला कीर्तनकार बाई येणार होत्या. त्यांचा आवाज तिनं मागं एकदा चाकूरला ऐकला होता, आणि वर्षभर तो तिच्या कानात होता.

म्हणून शुक्रवारी पहाटे, घर झोपेत असताना, तिनं सहाण काढली. जायफळ. लेकराला झोप लागावी म्हणून एरवी ती तीन-चार वेढे द्यायची. त्या दिवशी तिनं बारा वेढे घेतले. पोरीला गाढ झोप लागेल, खोकून दुखावलेला घसा जरा निवेल, असं ती मनाशी म्हणाली. आपल्यालाही दोन तास निवांत बसायला मिळेल, हे मात्र तिनं स्वतःशीही नीट म्हटलं नाही. दुधातून औषध पाजलं, सहाण धुतली, पालथी घातली.

उजाडता उजाडता पोर खरंच झोपली. सूर्य वर आला तरी झोपलेलीच. खोकला नाही, रडणं नाही. पुनम उशाशी बसून राहिली. मी बघते, तुम्ही जा म्हणाली. गुणाबाई महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला गेली. जाताना दारातून आत डोकावली आणि समाधानानं हसली. शांतम्मानं नवं लुगडं नेसलं, कपाळाला विभूती लावली आणि मांडवात गेली.

कीर्तन रंगलं होतं. देव भक्ताच्या दारात येऊन उभा राहतो आणि भक्त त्याला ओळखत नाही, तिथपर्यंत कथा आली होती. बाईंनी आवाज खाली आणला होता. मांडवात पानसुद्धा हलत नव्हतं. तेवढ्यात शांतम्माला बायकांची कुजबुज ऐकू आली आणि तिनं वळून बघितलं. पुनम बायकांच्या पायांतून वाट काढत येत होती. डोक्यावर पदर नाही. सृष्टी खांद्यावर, आणि तिचा हात आईच्या पाठीवर नुसता लोंबत होता, प्रत्येक पावलाला हलत.

पुनम सासूपाशी वाकली आणि अगदी हळू बोलली.

"आत्या, ही उठंना झालीय."

शांतम्मानं पोरीच्या गालाला हात लावला. गाल लालभडक, ताप होताच. पापणी वर केली तर डोळा कुठंच बघत नव्हता. तिनं "सृष्टी, ए माय" अशी हाक मारली. पोरीनं तोंड जरासं हलवलं. ओठ कोरडे, पांढरे पडलेले. पुन्हा मान गळली.

मृदंगावरून अप्पांनी बघितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. कीर्तन मध्येच मोडायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. शांतम्मानं त्यांच्याकडं बघून नुसती मान हलवली. तुम्ही बसा, असा तिचा अर्थ होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती मध्येच उठली.

गावातल्या बजरंगची टमटम मांडवामागं, वांग्यांची पोती उतरवून उभी होती. कुणीतरी त्याला हाक मारली. गुणाबाई पिठाच्या हातानंच धावत आली आणि न विचारता मागं चढून बसली. गाव ते अहमदपूर अकरा किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूला हरभरा काढणीला आलेला, ऊन डोळ्यात घुसत होतं. पुनम दर दोन मिनिटांनी पोरीच्या नाकाशी बोट धरत होती. फोनवर दयानंद होता, तो विचारत होता काय झालं, आणि ती फक्त दवाखान्याला चाललोय, चाललोय म्हणत होती.

ताप डोक्यात गेला, शांतम्माच्या मनात आलं. तिच्या माहेरी असं एक लेकरू गेलं होतं. असंच झोपलं होतं. बारा वेढे काही फार नव्हेत, तिनं स्वतःला बजावलं. गुणाबाईच्या पोराला तिनं तेवढे दिले होते, त्याला काही झालं नव्हतं. जायफळ आत काम करतंय, ते करू द्यावं. फक्त बोलू नये. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मनातल्या मनात नामाचा जप सुरू केला, पण जप दोनदाच्या पुढं जाईना. दर खड्ड्यात पोरीचं डोकं हिंदकळत होतं आणि तिचं ध्यान तिथंच जात होतं.

लहान लेकरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती. नाव तूबा. वय तिशीच्या आसपास, आवाज मऊ पण हात भराभर चालणारे. तिनं पोरीला टेबलावर घेतलं, बोटाला चिमटा लावला, बोट टोचून साखर बघितली, छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिली. डोळ्यांत बॅटरी मारली. मान पुढं वाकवून बघितली. मग तिघींकडं वळून विचारलं, घरी काय काय दिलंय?

पुनम म्हणाली, काढा, अडुळशाचा रस, ओव्याचा शेक. गुणाबाईनं मान डोलावली.

आणखी काही? एखादं औषध, गोळी, कुणाचं काही?

न्हाई, पुनम म्हणाली. न्हाई, गुणाबाई म्हणाली. शांतम्मानं फरशीकडं बघितलं.

डॉक्टरणीनं स्टूल ओढून घेतलं आणि तिघींच्या समोर बसली. एकेक शब्द सावकाश बोलली, जसं लेकराला सांगतात.

"हे बघा, छाती एवढी खराब नाही. ताप शंभर आहे, त्यानं पोर अशी पडत नाही. बुबुळं मोठी झालीत, तोंड कोरडं आहे, ठोके पळतायत. एक तर मेंदूला सूज असेल, नाहीतर पोटात काहीतरी गेलंय. पोटात काही गेलं नसेल तर मला हिला आत्ताच्या आत्ता लातूरला पाठवावं लागेल. तिथं पाठीत सुई घालून पाणी काढतील. मी तुम्हाला रागवायला बसले नाही. मला फक्त कळलं पाहिजे."

पाठीत सुई, हे ऐकून पुनमनं तोंडावर हात दाबला.

सहा दिवस शांतम्मा कीर्तन ऐकत होती, आयुष्यभर ऐकत आली होती. आता या वेळी त्यातलं एखादं वाक्य आठवावं, एखादा दृष्टांत, ज्यानं सांगावं काय करायचं. काही आठवेना. नुसता टाळांचा नाद आठवत होता, आणि मधूनच आईचा चेहरा, ओठांवर बोट ठेवलेला. बोललीस तर गेलं. पोर जिवंत आहे ती त्या औषधाच्या बळावर असली तर? आपण तोंड उघडलं, आणि ते बळ सुटलं तर? आणि न बोलता पोरीच्या पाठीत सुई गेली, आणि काही नव्हतंच तर? दोन्हीकडून तिचंच पाप होतं. ती टेबलावरच्या पायाकडं बघत राहिली. केवढंसं पाऊल. मांडवातल्या धुळीनं बोटं अजून राखाडी होती. काल तिथं ही पोर नाचली होती, खोकत खोकत.

"जायफळ दिलं मी," शांतम्मा म्हणाली. "आज पहाटे. दुधातून."

"किती वेढे?"

डॉक्टरणीनं वेढे हा शब्द वापरला म्हणून शांतम्मानं वर बघितलं.

"बारा."

तिच्या शेजारी काहीतरी हललं. गुणाबाईनं भिंतीचा आधार घेतला होता. तिच्या मनगटांवरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं.

"अक्का," ती म्हणाली, "मी बी दिलं. राती, निजवताना. आणि सकाळी तू न्हायला गेलीस तवा आणखी."

"तू?"

"लई खोकत होती गं ती. मला पोळ्यांना जायचं होतं. तूच शिकवलंस न्हाई का, बोलायचं न्हाई म्हणून."

किती, असं डॉक्टरणीनं विचारलं. गुणाबाईनं बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाली, दहा आणि पंधरा असतील, अंधारात नीट मोजलं नाही.

मग पुनम रडायलाच लागली. तिनं ब्लाऊजमधून रुमाल काढला आणि त्यात तोंड घालून जे सांगितलं ते डॉक्टरणीला दोनदा विचारावं लागलं. पिशवीत लातूरहून आणलेली खोकल्याच्या लाल औषधाची बाटली होती, मागच्या वर्षीची, मोठ्या माणसांची. आत्यांना आवडणार नाही म्हणून तिनं ती दाखवलीच नव्हती. सकाळी सहाला तिनं दोन टोपणं पाजली. तिलाही चार दिवस झोप नव्हती.

तिघी एकमेकींकडं बघायला तयार नव्हत्या. एकाच घरात, एकाच चुलीपुढं, एकीनं धुऊन पालथी घातलेली सहाण दुसरीनं उचलली होती.

डॉक्टरीण उठली होती. तिनं सिस्टरला सलाइन लावायला सांगितलं आणि लातूरच्या कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. बोलता बोलता ती जायफळ, वजन, खोकल्याचं औषध असं सांगत होती आणि पलीकडचं ऐकून हो, हो म्हणत होती. फोन ठेवून ती शांतम्माजवळ आली.

तिनं सांगितलं ते असं. दोन्हीचा अंमल एकावर एक चढलाय. उतरेल, पण वेळ लागेल. श्वास ठीक चालू आहे तोवर इथंच ठेवू, चार वाजेपर्यंत. चारपर्यंत हाकेला ओ दिली नाही, किंवा श्वास जरा जरी मंद झाला, तर लातूर. गाडी आत्ताच सांगून ठेवते. आणि जाता जाता म्हणाली, माझ्या अब्बांचं बाजारात काष्ठौषधीचं दुकान आहे, तय्यबभाईंचं. आजी, तुमचं जायफळ तिथलंच असणार. चांगलं असतं, म्हणून तर जपून द्यायचं असतं.

शांतम्माला ते दुकान माहीत होतं. तिनं मान हलवली.

पावणेबारा वाजले होते. गावात आता प्रसादाचं वाटप सुरू झालं असेल.

तिघी खाटेभोवती बसल्या. बजरंग बाहेरून चहा घेऊन आला, तो तसाच गार झाला. एक वाजला. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन कागदावर काहीतरी लिहायची. पोरीची छाती वर यायची, खाली जायची. मधेच एखादा श्वास लांबला की पुनम उठून उभी राहायची. दीडला अप्पांचा फोन आला. मांडवात सगळ्यांनी पोरीसाठी नाम घेतलं म्हणाले, आणि मग त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

दोनच्या सुमाराला शांतम्मा सुनेला म्हणाली,

"पुनम, मी बारा कशापायी दिले ठाऊक हाय का? मला कीर्तन ऐकायचं होतं. पोरगी निजली की निवांत बसता येईल म्हणून. त्यात देवाचं नाव घेत उगाळलं मी."

पुनमनं पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली की तिनंही झोपेसाठीच दिलं. स्वतःच्या. आणि तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुणाबाई पलीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत होती.

अडीच. तीन. खिडकीतलं ऊन खाटेच्या पायाशी आलं. शांतम्मानं पोरीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पापणी हलली असं तिला वाटलं, पण मनाचे खेळ असतील. आपण बोललो, म्हणूनच हे असं होतंय, हा विचार परत परत वर यायचा आणि ती तो दाबायची. तिनं डॉक्टरणीला दोनदा विचारलं, की सांगितल्यानं काही बिघडत तर नाही ना. पहिल्यांदा डॉक्टरणीला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्यांदा कळला. ती हसली नाही. खाटेच्या कडेला टेकून म्हणाली,

"आजी, तुम्ही सांगितलं नसतं तर ही आत्ता लातूरच्या रस्त्यावर असती. आणि तिथंही त्यांनी हेच विचारलं असतं."

तीन वाजून वीस मिनिटं. बाहेर अँब्युलन्स येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर पायरीवर बसून तंबाखू मळत होता. पुनमनं तो बघितला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. शांतम्मा खाटेवर वाकली. तिला गाता येत नव्हतं, मांडवात तर ती फक्त ओठ हलवायची. पण आता तिनं नाम म्हणायला सुरुवात केली, बारीक, बेसूर आवाजात, पोरीच्या कानाशी, आणि तिच्या तळव्यावर बोटानं ताल धरला. गुणाबाईनं मागून सूर लावला. सिस्टर दारात थांबली, पण गप्प करायला आत आली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोरीचं पोट एकदम आत ओढलं गेलं. सगळं अंग आक्रसलं. आणि ती खोकली.

तोच कोरडा, ठसक्याचा खोकला. एक, दोन, तीन. चार दिवस ज्याच्यावर तिघींनी चोरून दवा केली तो. शांतम्मानं पोरीचं डोकं उचलून धरलं. पोरीनं डोळे उघडले, अनोळखी भिंती बघितल्या, हाताला चिकटवलेली नळी बघितली आणि भोकाड पसरलं. आजीला ढकलून दिलं. तिला आई पाहिजे होती. पुनमनं तिला नळीसकट उराशी घेतलं.

खोकला थांबत नव्हता. पुनम मध्येच हसत होती, मध्येच रडत होती. डॉक्टरीण आली, तिनं पोरीची छाती पुन्हा ऐकली, बॅटरीनं डोळे बघितले, आणि ड्रायव्हरला जायला सांगितलं. खोकला आठवडाभर राहील म्हणाली, राहू द्या, छातीतलं बाहेर पडतंय. रात्रभर इथंच ठेवायचं. मधाचं बोट, गरम पाणी, अडुळसा चालेल. जायफळ बंद. ही बाटली तर फेकूनच द्या.

शांतम्मानं सगळं तिच्या तोंडून ऐकून घेतलं. मग गुणाबाईला जवळ बोलावलं आणि सिस्टरच्या, बजरंगच्या, दारातून डोकावणाऱ्या दोन अनोळखी बायकांच्या देखत, एकेक बोट दुमडत मोठ्यानं सांगायला लागली, उद्या सकाळी पोरीला कुणी काय द्यायचं आणि किती द्यायचं.